आमच्या वाङ्मयातील ‘पोऱ्या’

इतरांच्या लेखनातील वैगुण्ये दाखविणे हा टीकाकाराचा धंदाच आहे. परंतु त्याच्या स्वतःच्या लेखनातील वैगुण्य कोणी दोन वाक्यांत, आणि तेही हातातील फडके खाली न ठेविता, दाखवून द्यावे असा प्रसंग त्याच्यावर सहसा येत नाही. प्रस्तुत लेखकावर तो काही महिन्यांपूर्वी आला. पुढील विवेचनाचा उगम त्या प्रसंगात असल्यामुळे तो आरंभीच सांगून टाकणे बरे.

वसईचे नाव काढले की सुशिक्षित मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो आणि १७३९ सालचा चिमाजी अप्पांचा विजय आठवतो. रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडची वसई मात्र निराळी आहे. वसई रोड स्थानकातून पूर्वेच्या बाजूस बाहेर पडून काही अंतर गेले म्हणजे एव्हरशाईन सिटी नावाची वसाहत लागते. ओळीने उभ्या असलेल्या इमारती, तळमजल्यावर औषधांची दुकाने, शिकवण्यांचे वर्ग, दवाखाने, उपाहारगृहे आणि अधूनमधून एखादी परमिट रूम, असे तिचे रूप आहे. येथील पुष्कळ बिऱ्हाडांचा दिवस मुंबईच्या गाडीने सुरू होतो आणि परतीच्या विरार गाडीने संपतो. आम्ही चारपाच वाङ्मयप्रेमी महिन्यातून एकदा येथील एका साध्या उपाहारगृहात जमतो. चहा आणि वडा यांच्या साहाय्याने मराठी कथेचे भवितव्य ठरवितो आणि बिल वाटून घेऊन घरोघर जातो.

त्या संध्याकाळी विषय होता वास्तवतेचा. एका स्नेह्याने माझ्या एका जुन्या कथेचा गौरवाने उल्लेख केला. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात ती आली होती. हॉटेलातील दहा वर्षांच्या पोऱ्याच्या हातून चहाचा ग्लास फुटतो, मालक ओरडतो, पोरगा कोपऱ्यात तोंड लपवून रडतो आणि त्याला गावाकडची आई आठवते, असा तिचा शेवट. स्तुती ऐकून मी योग्य तितका संकोच दाखवीत होतो. त्या वेळी आमच्या टेबलावरील बशा उचलीत असलेला हेल्पर म्हणाला, “काका, ती गोष्ट मी वाचली आहे.” हा तरुण जव्हारकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा, बारावी झालेला. आमच्यापैकी एकजण वाचून झालेले अंक त्याला देत असे, हे मला तेव्हा कळले. मी विचारले, “मग कशी वाटली?” तो म्हणाला, “चांगली आहे. पण ग्लास फुटल्यावर तो लगेच रडतो, असे होत नाही. आधी काचा वेचाव्या लागतात, काका. कोणाच्या तरी पोराच्या पायाला लागतील. रडू आलेच तर ते मागाहून, मोरीवर.” एवढे बोलून त्याने बशांची चळत उचलली, टेबलावरून फडके फिरविले आणि तो आत गेला. आमची वास्तवतेची चर्चा त्यानंतर फारशी रंगली नाही.

घरी आल्यावर मी ती कथा पुन्हा काढून वाचली. तो म्हणत होता ते खरे होते. ग्लास फुटल्यानंतरच्या माझ्या दीड पानात काचेचा एकही तुकडा नव्हता. ग्लास फुटताक्षणी काचा जणू हवेत विरून गेल्या होत्या आणि उरले होते ते केवळ अश्रू. ही चूक माझ्या एकट्याची असती तर ती जाहीर करून वाचकांचा वेळ घेण्याचे कारण नव्हते. परंतु पुढील काही आठवडे मी या दृष्टीने मराठी वाङ्मय चाळीत गेलो, आणि माझी अशी खात्री झाली की ती आमच्या वाङ्मयाच्या एका जुन्या सवयीतून आलेली चूक आहे. तिचे स्वरूप दाखविणे हा या लेखाचा हेतू होय.

प्रथम शब्दच पाहू. स्वयंपाक करणाऱ्यास आचारी हे नाव आहे, वाढणाऱ्यास वाढपी आहे, पाणी भरणाऱ्यास पाणक्या आहे. जेवून उठलेल्यांच्या मागून टेबल साफ करणाऱ्यास मात्र मराठीत त्याच्या कामावरून पडलेले रूढ नाव नाही. तो ‘पोऱ्या’ असतो, ‘बारक्या’ असतो, अलीकडे ‘छोटू’ असतो; म्हणजे त्याचे नाव त्याच्या वयावरून पडते. मग तो चाळीस वर्षांचा झाला तरी पोऱ्याच राहतो. ‘क्लीनर’ आणि ‘हेल्पर’ हे शब्द हॉटेलांनी इंग्रजीतून घेतले ते बहुधा ही अडचण भागविण्यासाठीच. इंग्रजीतही या कामगाराला ‘बसबॉय’ म्हणतात आणि त्यातील ‘बॉय’ म्हणजे पोऱ्याच! फ्रेंचांचा ‘गार्सां’ तोच. ज्याने उष्टे उचलावयाचे तो कधी मोठा होत नाही, अशी जणू अनेक भाषांनी मिळून समजूत करून घेतली आहे.

आणि काम तरी कसे? बाहेरून पाहणारास ते केवळ अंगमेहनतीचे वाटते. परंतु थोडे लक्ष देऊन पाहिले तर त्यात एक प्रकारचे वाचन आहे असे दिसून येते. कोणाचे खाणे संपले आणि कोणी नुसताच थांबला आहे, हे दुरून ओळखावे लागते. बशी किंचित पुढे सरकविलेली, चमचा आडवा ठेविलेला, हात पुसून झालेला, ही त्यातील अक्षरे होत. बशी घाईने उचलली तर गिऱ्हाइकाला आपल्याला घालवून देत आहेत असे वाटते. उशिरा उचलली तर दाराशी ताटकळणारे कुटुंब परत जाते. जड बशा खाली आणि छातीशी, हलक्या वर. ग्लासांत बोटे न घालता ते बुडाशी धरावयाचे. ओले फडके आणि कोरडे फडके निराळे. पाच ग्लासांत पाच बोटे बुडवून पाणी आणणारा पोऱ्या मुंबईच्या विनोदाचा ठरलेला विषय झाला आहे. ही पाच बोटे न बुडविण्यास शिकावे लागते, आणि ते शिकविण्यास कोणालाच सवड नसते, ही त्या विनोदाची दुसरी बाजू.

परमिट रूममधील काउंटरच्या हेल्परचे काम याहून बिकट. बर्फ, सोडा, रिकाम्या बाटल्या, चखण्याच्या बशा आणि ग्लास यांचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू राहावा लागतो. ग्लासाला साबणाचा किंवा तेलाचा नुसता लेश राहिला तरी बिअरचा फेस बसतो. बर्फाच्या पेटीत ग्लास बुडवून बर्फ काढावयाचा नसतो. कारण ग्लासाचा टवका उडून बर्फात पडला तर तो दिसत नाही, आणि मग सारी पेटी ओतून टाकावी लागते. कोणाचा आवाज चढू लागला आहे, कोणत्या टेबलावर आता भांडण होणार, हेही ग्लास उचलणाऱ्याच्या ध्यानात लवकर येते. कारण तो सर्वांच्या अगदी जवळ जातो आणि त्याच्या देखत कोणीही बोलणे थांबवीत नाही. कथालेखकाला यापेक्षा चांगली जागा कोणती मिळावयाची? असे असून ही जागा आमच्या वाङ्मयात रिकामी कशी राहिली?

याचे उत्तर शोधताना मागे गेलो तर एक आश्चर्याची गोष्ट आढळते. आमच्या जुन्या परंपरेत ही जागा रिकामी नव्हती. तेथे प्रत्यक्ष देव उभा होता. धर्मराजाच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम आपल्याकडे घेतले, असे महाभारतात आहे. मराठी परंपरेने त्याच्या हाती आणखी एक काम दिले. द्वारकेच्या राण्याने धर्माघरी उष्ट्या पत्रावळी काढल्या, ही गोष्ट कीर्तनांतून आणि आजीच्या तोंडून ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. जनाबाईबरोबर विठोबा दळू लागतो, तिचा केरही भरतो. पैठणास एकनाथांच्या घरी श्रीखंड्या बनून देव कावडीने पाणी भरतो, आणि त्या वाड्यातील रांजण अजूनही भाविकांस दाखवितात. उच्चनीचतेच्या उतरंडीत जे काम सर्वांत खालचे, तेच देवाने निवडावे, या कल्पनेत फार मोठे धैर्य आहे. उष्टे या शब्दाला आपल्याकडे जी जरब आहे ती लक्षात घेतली म्हणजे हे धैर्य अधिकच जाणवते. गावात उष्ट्याशिळ्यावर कोणाचा ‘हक्क’ आहे यावरून ज्या समाजात माणसाची जात ओळखली जाई, आणि चहाच्या दुकानांतून अस्पृश्यांसाठी वेगळ्या कपबश्या टांगलेल्या असत, त्या समाजाच्या संतांनी ही कथा सांगितली. वेगळ्या कपबश्यांसारखा प्रकार कायद्याने शिक्षेस पात्र ठरण्यास १९५५ साल उजाडावे लागले.

परंतु ही कथा जितकी थोर आहे तितकीच ती टीकाकाराला सावध करणारीही आहे. श्रीकृष्णाने उष्टी काढली ती आपखुशीने. यज्ञ संपल्यावर तो द्वारकेस परतला. श्रीखंड्या ओळखला जाताच नाहीसा झाला. म्हणजे जो हे काम सोडून जाऊ शकतो त्याच्यामुळे ते काम धन्य झाले. जो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच फडके हाती घेणार आहे त्याच्याविषयी कथा काहीच सांगत नाही. भक्तिपर वाङ्मयाकडून ती अपेक्षा करणेही योग्य नव्हे. ते काम अर्वाचीन, वास्तववादी म्हणविणाऱ्या वाङ्मयाचे होते. त्याने ते केले काय?

अर्वाचीन मराठी वाङ्मय आणि उपाहारगृह ही जवळजवळ एका वयाची भावंडे आहेत. मुंबईत इराण्यांची हॉटेले उभी राहिली, दादरला मामा काण्यांचे उपाहारगृह १९१० साली निघाले, उडुपीकडील मंडळींनी माटुंग्यापासून फोर्टापर्यंत आपली खानावळी आणि हॉटेले थाटली, ए. रामा नायक यांचे माटुंग्याचे बोर्डिंग १९४२ चे. मराठी लेखकांच्या कित्येक पिढ्या या टेबलांशी बसूनच वाढल्या. मासिके येथे योजली गेली, वाद येथे पेटले, कविता येथे वाचल्या गेल्या. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या फडके-खांडेकर वादाची आवर्तनेही अशा टेबलांवर किती झाली असतील याची गणती नाही. दोन्ही पक्षांच्या मंडळींच्या बशा मात्र तिसराच कोणी उचलून नेत होता, आणि त्याच्याकडे वळून पाहण्याची गरज दोहोंपैकी कोणत्याच पक्षाला भासली नाही.

अगदीच भासली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. हॉटेलातील पोऱ्या आमच्या कथांत येतो; परंतु येतो तो दोन ठरीव साच्यांतून. पहिला साचा दयेचा. त्यात तो नेहमी लहान असतो, अनाथ किंवा गरिबाघरचा असतो, मार खातो आणि रडतो. माझी कथा याच साच्यातील. दुसरा साचा शिडीचा. त्यात तो कपबशा विसळतो, रात्रशाळेत शिकतो आणि मोठा माणूस होतो. हा साचा कथांपेक्षा चरित्रांत, सत्काराच्या भाषणांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधिक आढळतो. रात्रशाळांत शिकून खरोखर पुढे आलेली माणसे मुंबईत पुष्कळ झाली, आणि त्यांच्याविषयी आदर बाळगण्यास कोणाची हरकत नाही. परंतु या साच्यात हॉटेल ही केवळ एक पायरी ठरते. जो वर गेला त्याच्या पायाखालची ती म्हणून तिचे महत्त्व. पहिल्या साच्यात पोऱ्या वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणून संपतो. दुसऱ्यात तो पोऱ्या राहत नाही म्हणूनच सांगण्यासारखा होतो. काम करणारा माणूस, काम करीत असताना, दोहोंतही दिसत नाही.

या संदर्भात नारायण सुर्वे यांचे नाव प्रथम आठवावे हे साहजिक आहे. गिरणीकामगार गंगाराम सुर्वे यांनी वाढविलेल्या या अनाथ मुलाने घरगड्याचे काम केले, हॉटेलात कपबशा धुतल्या, गिरणीत काम केले, पुढे शाळेत शिपाई आणि शिक्षक म्हणून नोकरी केली. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा त्यांचा पहिला संग्रह १९६२ चा आणि ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चा. बशा धुणारा हात कवितेत स्वतः बोलू लागला, ही मराठीतील लहान घटना नव्हे; कामगार त्यांच्या कवितेत दया मागत नाही, तो हिशेब मागतो. तथापि त्या कवितेच्या मध्यभागी आले ते गिरणी, रस्ता आणि संघर्ष. हॉटेलची मोरी बाजूसच राहिली. याचे कारण शोधणे कठीण नाही. गिरणीकामगार एका छपराखाली हजारोंनी जमत होता. त्याचे संप झाले, युनियने झाली, आणि मामा वरेरकरांसारख्या लेखकाने ‘धावता धोटा’ या कादंबरीत त्याला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच आणून बसविले. हॉटेलातील कामगारांच्याही संघटना पुढे निघाल्या. परंतु हा कामगार दोनचारांच्या गटाने शहरभर विखुरलेला असतो. तो एकाच वेळी हजारोंनी रस्त्यावर उतरत नाही म्हणून तो दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून लिहिला जात नाही. श्री. म. माटे यांनी १९४१ साली ‘उपेक्षितांचे अंतरंग’ लिहून जी वाट पाडली ती गावकुसाबाहेरच्या माणसांपर्यंत गेली. आपल्याच कोपरापाशी उभा असलेला उपेक्षित मात्र अतिपरिचयामुळे उपेक्षितच राहिला.

चित्रपटाने येथे वाङ्मयावर मात केली आहे. मीरा नायर यांच्या १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे!’ या हिंदी चित्रपटातील मुलगा मुंबईच्या वस्तीत चहा पोहोचवितो. त्याला सारे ‘चायपाव’ म्हणतात. म्हणजे हातातील जिन्नस हेच त्याचे नाव झाले आहे. त्याचे खरे नाव कृष्ण आहे. पाचशे रुपये जमवून त्याला घरी जावयाचे आहे. ते नाव दिग्दर्शिकेने कोणत्या हेतूने ठेविले असेल ते असो. मराठी प्रेक्षकाला त्यात धर्माघरची गोष्ट ऐकू आल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच की या कृष्णाला द्वारकेची वाट सापडत नाही. तोही लहान मुलगाच आहे. परंतु चित्रपट त्याच्या मागे रडण्यासाठी थांबत नाही, त्याच्याबरोबर चहाचे ग्लास घेऊन जिने चढतो. माझ्या कथेत जे नव्हते ते हेच.

बाहेरच्या वाङ्मयाकडे पाहिले तर तेथेही हे दोन साचे आहेत. परंतु ते मोडण्याचा प्रयत्नही झालेला दिसतो. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल याने पॅरिसच्या एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात भांडी घासण्याचे काम केले आणि तो अनुभव १९३३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्या पुस्तकाचे सामर्थ्य लेखकाच्या दयाळूपणात नाही. कामाचे तास, उष्णता, हुद्द्यांची उतरंड, तळघरातील घाण आणि दाराच्या पलीकडील झगमगाट, स्वयंपाकघरात शिव्या देणारा वेटर दार ओलांडताच कसा निराळा माणूस होतो, हे सारे त्याने नोंदवहीच्या काटेकोरपणाने लिहिले, त्यात ते आहे. एवढे श्रम कशासाठी, त्यांवाचून जगाचे खरोखर अडते काय, असा प्रश्न तो शेवटी विचारतो. आणि आधीची सर्व मोजदाद त्याच्या पाठीशी असल्यामुळे त्या प्रश्नाला वजन येते. अर्थात ऑर्वेल हा ईटनमध्ये शिकलेला गृहस्थ होता. त्यालाही त्याची द्वारका होती. पण जाताना तो काचा मोजून गेला, हे त्याच्या पदरी टाकले पाहिजे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज याचे. १९२५ साली तो वॉशिंग्टनच्या वॉर्डमन पार्क हॉटेलात टेबले साफ करण्याच्या कामावर होता. व्हॅचेल लिंडसे हा त्या वेळचा प्रसिद्ध कवी तेथे जेवावयास आला असता ह्यूजने आपल्या तीन कविता त्याच्या ताटाशी ठेविल्या. त्या रात्री लिंडसेने त्या आपल्या श्रोत्यांस वाचून दाखविल्या आणि ‘बसबॉय कवी’ सापडल्याची वार्ता वर्तमानपत्रांतून पसरली. ही आख्यायिका जगभर सांगितली जाते, आणि ती शिडीच्या साच्याची असल्यामुळेच सर्वांना प्रिय आहे. तिच्यातील एक बारकावा मात्र सहसा सांगितला जात नाही. ह्यूजची कविता १९२१ पासूनच मासिकांत छापली जात होती, आणि त्याचा पहिला संग्रह १९२६ साली निघाला तोही या भेटीची वाट पाहत थांबलेला नव्हता. सापडला तो केवळ टेबलाशी बसलेल्यांना. उभ्या असलेल्याला आपण कवी आहोत हे आधीच ठाऊक होते! माझ्या पुढ्यातील बशी उचलणारा माझी कथा वाचून बसला होता, हे कळल्यावर मला जे आश्चर्य वाटले त्याची जात हीच. त्या आश्चर्याचा मला आज अभिमान वाटत नाही.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की वाङ्मय म्हणजे शिरगणती नव्हे. प्रत्येक धंद्याला कादंबरीत जागा दिलीच पाहिजे असा नियम कोठे आहे? आक्षेप रास्त आहे. चाव्या बनविणाऱ्यावर आणि तिकीट तपासणाऱ्यावर मराठीत महाकाव्य नाही म्हणून कोणी शोक करू नये. परंतु माझी तक्रार संख्येची नसून अचूकपणाची आहे. पोऱ्या आमच्या कथांत नसता तर एक वेळ चालले असते. तो आहे, आणि खोटा आहे. खोटेपणाचे मूळ दयेत आहे. दया ही समाजात सद्गुण असेल. लेखकाच्या हाती ती फार वेळा आळसाचे दुसरे नाव ठरते. ज्याची दया आली त्याच्याविषयी अधिक काही जाणून घेण्याची गरज उरली नाही, असे ती लेखकास सुचविते. मला त्या मुलाचे अश्रू कल्पनेने लिहिता आले; काचा कल्पनेने लिहिता आल्या नाहीत, कारण त्यासाठी एकदा तरी खाली वाकून पाहावयास हवे होते. कलावाद्यांच्या कसोटीने पाहा किंवा जीवनवाद्यांच्या, ही उणीव दोन्हींकडे उणीवच ठरते.

याहून लक्षात घेण्यासारखी दुसरी एक गोष्ट आहे. आमच्या कथेतील पोऱ्या दहा वर्षांचा राहिला, पण जग तेथे राहिले नाही. बालकामगारांविषयीचा कायदा १९८६ साली झाला, आणि १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास आणि हॉटेल, ढाबा, चहाचे दुकान अशा ठिकाणी ठेवण्यास बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने ती बंदी बहुतेक सर्वच धंद्यांना लागू झाली. कायदा मोडणारे आहेत, आणि त्यांच्यावर लक्ष ठेविलेच पाहिजे. परंतु एव्हरशाईन सिटीत काय किंवा दादरला काय, आज बशी उचलणारा हात पुष्कळदा विशीतल्या किंवा तिशीतल्या माणसाचा असतो. तो जव्हार-मोखाड्याकडून येतो, उत्तर प्रदेशातून येतो, बंगाल-ओडिशातून, नेपाळातून येतो. त्याला मत आहे, कोणाला लग्न झालेले आहे, कोणाच्या खिशात मोबाइल आहे आणि त्यात मुलीचा फोटो आहे. तो रडत नाही. आणि तो रडत नाही म्हणून आमच्या कथेला त्याचे काय करावे हे कळत नाही. दयेला लहान मूल लागते. प्रौढ माणसापुढे ती गोंधळून जाते. पोऱ्या मोठा झाला त्याच दिवशी तो आमच्या वाङ्मयातून नाहीसा झाला, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मग लिहावे कोणी आणि कसे? त्याने स्वतः लिहावे, हे उत्तर सोपे आहे. आणि तो लिहील तेव्हा ते सर्वांत चांगले होईल यात शंका नाही. दलित आत्मचरित्रांनी मराठी गद्याला जे दिले ते वरून कोणी देऊ शकले नसते. परंतु रात्री उशिरा शटर ओढून, मोरी धुऊन, दाटीवाटीच्या खोलीत पाठ टेकणाऱ्यावर हे काम टाकून आपण मोकळे व्हावे हे शोभण्यासारखे नाही. जो टेबलाशी बसला आहे त्यालाही लिहिता येईल. अट एवढीच की आपण बसलेले आहोत हे त्याने विसरू नये. जुन्या नाट्यछटेचा प्रकार मला या दृष्टीने फार उपयोगी वाटतो. दिवाकरांच्या नाट्यछटांत एकच पात्र बोलते, आणि समोरच्याचे बोलणे आपण त्याच्या बोलण्यावरून ओळखतो. बशी उचलणाऱ्याच्या कानावर दिवसभर पडते ते असेच अर्धवट बोलणे. एका टेबलावर ठरणारे लग्न, दुसऱ्यावर फिसकटणारा व्यवहार, तिसऱ्यावर बापलेकांचे न बोलणे. प्रत्येकाचा आरंभ किंवा शेवट त्याला ऐकू येत नाही. मधला तुकडा तेवढा येतो. हे तुकडे जोडणारे मन कसे असेल याचा विचार एखाद्या तरुण लेखकाने करावा. कन्नड लेखक जयंत कायकिणी यांनी मुंबईवरील आपल्या कथांत हा मार्ग दाखविला आहे. त्यांच्या ‘ऑपेरा हाऊस’ या कथेत चित्रपटगृह झाडणारा माणूस प्रेक्षकांनी मागे टाकलेल्या वस्तूंवरून त्यांच्या आयुष्याचा विचार करतो. इतरांनी मागे टाकलेले ज्याच्या हाती येते तो आपल्या सर्वांविषयी काय जाणत असेल, ही जिज्ञासा त्या कथेमागे आहे. तेथे दया नाही. कुतूहल आहे आणि बरोबरीची मैत्री आहे. ती कन्नडात लिहिली जावी आणि जिच्या गल्लीत ती घडते त्या मराठीने तिच्याकडे पाहत राहावे, हे काही बरे नव्हे.

आता मूळ प्रसंगाकडे येऊन हा लेख पुरा करतो. पुढील महिन्याच्या बैठकीस मी थोडा लवकर गेलो. गर्दी नव्हती. तो कोपऱ्यातील टेबलावर कागदी रुमालांच्या घड्या घालीत बसला होता. मी म्हणालो, “तू सांगितलेस ते खरे आहे. ती गोष्ट मी नव्या संग्रहात घेणार होतो; आता घेत नाही.” माझी अशी कल्पना की त्याला हे ऐकून समाधान वाटेल. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, “घ्या की, काका. फक्त काचा वेचायच्या घाला. मुलगा चांगला आहे.”

हे टीकाकाराला सुचले नव्हते. चुकलेली कथा काढून टाकणे हाही हात झटकण्याचाच एक प्रकार, हे त्याने मला दुसऱ्यांदा शिकविले. ती कथा मी पुन्हा लिहावयास घेतली आहे. ग्लास फुटल्यानंतरचे दीड पान अद्याप जमत नाही. काचा मोठ्या असतात तोवर हाताने वेचता येतात, पण बारीक चुरा ओल्या फडक्याने टिपावा लागतो, आणि मग ते फडके पुन्हा टेबलावर वापरावयाचे नसते. इतके मला आता ठाऊक झाले आहे. पुढचे विचारण्यासाठी येत्या रविवारी जावयाचे आहे.